हळदीची पट्टी

मगदुमांच्या अडतीची पट्टी छापणारं पान
मी फक्त हिरवं करायला घेतलं होतं.
नेमगोंडा अण्णा म्हणाले होते,
लाल अक्षरात पैसे द्यायचे नसतात, माणूस बिचकतो.
रंग बदलला,
जाता जाता एक ओळ खोडली, शोभेची वाटली म्हणून,
आणि दुपारी मार्केट यार्डातून फोन :
"मॅडम, आज हमाली माफ केली काय सरकारनं?"

एकशे बारा पट्ट्या.
हमाली शून्य.

मग पान उघडून बसले.
रकान्याच्या चौकटीत वजन गुणिले दर,
ठळक अक्षरांच्या पोटात अडतीचे टक्के,
तोलाई एका रिकाम्या ओळीत दडलेली,
आणि हमाली त्या शोभेच्या ओळीला
सुतळीनं बांधावी तशी बांधलेली.
कुणी केलं हे?
वर नाव माझंच होतं, आणि तारीख
पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यातली,
जेव्हा सांगलीत सगळेच
मिळेल त्याला मिळेल ते बांधत होते.

अफसाना सितारमेकर मिरजेहून येते, डब्यात कायम लिंबाचं लोणचं.
ती म्हणाली, सगळं उपट.
पानाला गणित येताच कामा नये.
आकडे त्याला शिजवून मिळावेत, त्यानं फक्त वाढावेत.
'जर' नको, 'नाहीतर' नको, साधी बेरीजसुद्धा नको.
आमच्या घरी बघ,
भोपळ्यावर वेल कोरणारे चाचा जवारीला हात लावत नाहीत,
आणि जवारी लावणारे दादा
वेलीला पानं किती, कधी मोजत नाहीत.

पटलं मला.
चार दिवस एकेक आकडा पानातून वेचून काढला,
भडंगातून मिरची वेचतात तसा.
हिशोबाची फाईल वेगळी झाली, तिला रंग माहीत नाही.
पान इतकं हलकं झालं
की पंख्याच्या वाऱ्यानं उडेल, असं वाटलं.

पाचव्या दिवशी अण्णा स्वतः आले,
विश्रामबागचे तीन जिने चढून.
बसले, पाणी प्यायले, खिशातून पट्टी काढली.
"बरोबर हाय सगळं. पैशापैशाला बरोबर.
पण ही बाई एकच पोतं घेऊन आलती,
आणि तुमचा कागद म्हणतोय, १ पोती.
तिनं दोनदा विचारलं मला,
दुसरं पोतं कुणी ठेवून घेतलं?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.
एकाचं अनेकवचन होत नाही,
हे कळणं म्हणजे गणित की मराठी?
हिशोबाला विचारावं तर तो म्हणेल, मला फक्त एक ठाऊक.
पानाला विचारावं तर त्याचा आम्ही
'जर' काढून घेतलेला.

अण्णांना सांगून पाहिलं, पान आणि हिशोब वेगळे का ठेवले ते.
ते हसले.
"म्हणजे रुमालच की.
पूर्वी दर रुमालाखाली ठरायचा, बोटांत.
वर तोंडं कशी, निर्विकार.
पण वर बोली पुकारणारा जो असायचा,
त्याला आतला दर कळायचा नाही, तरी
कुणाला 'राव' म्हणायचं, कुणाला 'अक्का' म्हणायचं,
एवढं त्याचं त्याला कळायचंच.
नाहीतर पुकारायला दगड उभा केला असता."

चहा झाला. अण्णा जिने उतरले, मधे थांबत थांबत.
अफसाना बराच वेळ लोणच्याची फोड चघळत होती.
मग पानात तिनंच एक 'जर' परत लिहिला,
पोतं आणि पोती यांच्यामध्ये,
आणि शेजारी टीप : हा हिशोब नव्हे.
मी खाली लिहिलं : बहुतेक.

दुसऱ्या दिवशी पहिली पट्टी निघाली,
राजापुरी, एक पोतं,
हमाली कापलेली,
अक्षरं हिरवी.